नळाकडे जाणारे हात

डॉ. संघमित्रा वाहूळ यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि वायरमनशी वाद घालत होत्या. मी मुलाखतीला गेलो होतो. कडक इस्त्रीचा शर्ट आणि बगलेत प्रमाणपत्रांची फाइल, असा नटूनथटून. शेडमध्ये खुर्ची एकच होती आणि ती त्यांनी मला दिली. फाइल उघडायची तसदी काही घेतली नाही.

‘बसनं आलात ना?’ त्यांनी विचारलं. ‘डोळे मिटून बसला असता, तर बसनं ब्रेक कधी मारला ते कळलं असतं का?’

‘मॅडम, बसायला जागाच नव्हती. उभा होतो,’ मी म्हणालो. ‘ब्रेक मारला तसा पुढच्याच्या अंगावर गेलो. त्यानं शिवीसुद्धा दिली.’

मॅडम मोठ्यानं हसल्या. ‘मग झालं तर! आपण जे बनवणार आहोत ते तुमच्यासारखंच असतं. फक्त मोहरीच्या दाण्याहून लहान. या सोमवारपासून.’

अशी माझी नेमणूक झाली. मॅडमच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या संशोधनावर विद्वान मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलेला एक कुरकुऱ्या इंजिनियर. चांगलं झालं तरी त्यात खोट काढायची माझी सवय मॅडमना ठाऊक आहे, म्हणून मी स्तुती केली तर ती त्या खरी मानतील असा माझा अंदाज आहे.

ज्यांना आमच्या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिलिकॉनची आरशासारखी चकचकीत चकती असते. तिच्यावर प्रकाशानं नक्षी उमटवायची आणि ती रसायनांनी कोरत जायची. शेवटी तिथं एक इवलंसं वजन तयार होतं, बारीक पट्ट्यांवर टांगलेलं. या पट्ट्या स्प्रिंगचं काम करतात. गाडीला धक्का बसला की हे वजन बसमधल्या माझ्यासारखं पुढं जातं. त्याच्या आणि शेजारच्या भिंतीच्या मधली फट कमी होते, तो फरक विजेवर मोजता येतो आणि गाडीला कळतं की आता एअरबॅग उघडायची. एका चकतीवर असे शेकडो सेन्सर असतात. हे काम तेव्हा आपल्याकडं फार थोड्या ठिकाणी होत होतं, आणि शेंद्र्याला होईल असं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मॅडमच्या होतं. त्यांचा जन्म शेंद्र्याजवळच्याच शहरातल्या एका वस्तीतला. घरात बाबासाहेबांची तसबीर, आणि पोरीनं शिकलंच पाहिजे हा वडिलांचा हट्ट. इथल्या कॉलेजात शिकून, शिकवून त्या बंगळूरला संशोधनाला गेल्या. तिथंच नोकरी मिळत असताना परत आल्या. लोकांनी वेड्यात काढलं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘शिकायला बाहेर जावं लागतं, हे खरं. शिकून झाल्यावर बाहेरच राहावं असं कुणी सांगितलंय?’ विषय संपला आणि त्यांनी मला भट्टीचं तापमान बघायला पाठवलं.

त्या राहतात पडेगावला, शहराच्या पश्चिमेच्या टोकाला. कारखाना पूर्वेच्या टोकाला. स्वतंत्र गाडी घ्या म्हणून आम्ही मागं लागलो, पण त्या स्टाफबसनंच येत राहिल्या. आमचे पहिले सेन्सर तयार झाले तेव्हा त्यांनी ते एका डबीत बसवले, लॅपटॉपला जोडले आणि डबी मांडीवर घेऊन पडेगाव ते शेंद्रा असा सगळा प्रवास नोंदवला. प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक, उड्डाणपुलाच्या कामासाठी काढलेलं प्रत्येक वळण. लांबलचक आलेख भिंतीवर लावला तेव्हा बसचे ड्रायव्हर चाँदभाई तो बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, ये तो मेरी पीठ का फोटू है।’ मॅडमनी तो आलेख पुढं कितीतरी पाहुण्यांना चाँदभाईंच्या पाठीचा फोटो म्हणूनच दाखवला.

माणसांकडून काम करून घेण्याची त्यांची रीतही अशीच. चकत्या जिथं बनतात त्या आमच्या स्वच्छ खोलीत धुळीचा कणही चालत नाही. कामावरच्या बहुतेक बायका शेंद्रा आणि आसपासच्या गावांतल्या. कुंकू, पावडर लावून येऊ नका असं मी सांगितलं तर त्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली. मॅडमनी मला गप्प केलं. त्यांनी चकतीवर पावडरीची चिमूट झटकली आणि एकेकीला सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. सुमनताई जाधव पहिल्या पुढं झाल्या. बघतात तर काय, नाजूक नक्षीच्या मधोमध डोंगराएवढा धोंडा.

‘आगं माय! ह्यो मी रोज तोंडाला फासती व्हय?’ त्या ओरडल्या आणि सगळ्या हसत सुटल्या. पुन्हा कुणाला सांगावं लागलं नाही. सुमनताईंना मॅडमनी धुण्याच्या खोलीचं काम दिलं. त्या आजही तिथल्या प्रमुख आहेत.

या धुण्याच्या खोलीतच आमच्यावर ती वेळ आली.

लागोपाठच्या दुष्काळाची ती वर्षं होती. पावसानं मराठवाड्याकडं पाठ फिरवली होती आणि शहर मात्र फुगत चाललं होतं. जालना रोडच्या दोन्ही अंगांना शेतांत प्लॉटिंगच्या पाट्या उभ्या राहिल्या. नव्या सोसायट्यांच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव असायचा आणि दारात टँकर. नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत गेले. गावांत तर नळाचा प्रश्नच नव्हता. टँकर आला की माणसं हातातलं काम टाकून पळायची. कारखान्यालाही टँकरचंच पाणी. ते आम्ही गाळून गाळून इतकं शुद्ध करायचो की त्यात क्षाराचा अंशही उरत नसे.

एवढं पाणी कशाला, तर धुण्याला. शेवटच्या पायरीत वजनाखालचा थर आम्लानं विरघळवून टाकायचा असतो, म्हणजे ते मोकळं लोंबकळतं. मग चकती वाहत्या पाण्यात धुवायची. पाणी शुद्ध झालं की मीटरचा काटा खुणेवर येतो. पण मीटर बाहेरच्या पाण्याचा. वजनाखालच्या बारीक फटीतलं आम्ल हळूहळू निघतं, म्हणून काटा खुणेवर आल्यावरही नळ बराच वेळ वाहता ठेवायचा, अशी सूचना मॅडमनी लावली होती. आम्ल राहिलं तर सुकताना वजन तळाला चिकटतं. चिकटलेला सेन्सर म्हणजे फुलस्टॉप. गाडी आपटली तरी तो हलणार नाही.

आणि आमचे सेन्सर चिकटायला लागले. लॉटमागून लॉट.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक मोठी कंपनी आमचा माल घ्यायला तयार झाली होती. तिनं नमुन्यांसाठी शेवटची मुदत दिली. कारखान्यात पैसा घातलेल्या भागीदारांनी तर स्पष्टच सांगितलं, की हा लॉट नापास झाला तर यंत्रं बंगळूरला हलवू. तिथं पाणी आहे, शिकलेले हात आहेत. मॅडमनी यावं, ज्यांना जमेल त्यांनी यावं, बाकीच्यांनी आपलं बघावं.

बाकीच्यांत सुमनताई होत्या, चाँदभाई होते आणि मी होतो. मला बंगळूरला काम मिळालं असतं. पण शेंद्र्याच्या पलीकडच्या गावात माझी आई एकटी. आमचं घर मेंढ्यांमागं फिरणाऱ्यांचं. वडील गेल्यावर आईनं कळप विकला आणि घराच्या ओट्यावर बसली ती तिथंच. बंगळूरचं मी घाबरत घाबरत काढलं तर म्हणाली, ‘मेंढरं इकली. आता गाव बी इकू व्हय? तू जा. मी काय मरंना इतक्यात.’ ते ऐकून मी ताट बाजूला सारलं.

आम्ही सगळं तपासलं. आम्ल बदललं, भट्टी बदलली. कुणी म्हणालं पूजा घाला, तर तीही घातली. अखेर बंगळूरहून एक तज्ज्ञ बोलावले. त्यांनी स्वतःच्या हातानं एक चकती धुतली आणि ती झकास निघाली! एकही सेन्सर चिकटला नाही. ते गेले, आम्ही धुतली, पुन्हा चिकटले. त्यांच्या हाताला यश आहे, दुसरं काय, असं म्हणून आम्ही कपाळाला हात लावला.

सुमनताई मात्र त्या तज्ज्ञांवर चिडल्या होत्या. मॅडमसमोर त्यांनी तक्रारच केली. ‘त्या सायबाला सांगा मॅडम, पुन्हा आले तर नळ सोडून फोनवर बोलायला जाऊ नका म्हणावं. केवढं पाणी गेलं! माझा जीव नुसता वरखाली व्हायला लागला. पण पाव्हण्याला काय बोलावं?’

 दुसऱ्या दिवशी मॅडम धुण्याच्या खोलीच्या काचेबाहेर स्टूल टाकून बसल्या. सुमनताईंनी चकती धुतली. काटा खुणेवर आला आणि त्यांचा हात नळाकडे गेला. नळ बंद. दुसऱ्या पाळीतल्या मुलीनं धुतली. काटा आला, हात गेला, नळ बंद. मग त्यांनी मला आत पाठवलं. मी सूचना पाठ असलेला माणूस. माझाही हात कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही.

‘आता मी,’ म्हणून त्या स्वतः आत गेल्या. आम्ही काचेला नाक लावून उभे. काटा खुणेवर आला. आणि ज्यांनी ती सूचना लिहिली होती त्या डॉक्टर संघमित्रा वाहूळ यांच्या हातानं नळ बंद केला. त्या तशाच नळ धरून उभ्या राहिल्या. मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर येऊन म्हणाल्या, ‘माझी आई सार्वजनिक नळावर रांगेत उभी राहायची. नळ वाहता दिसला की पाठीत धपाटा. तो धपाटा कुठल्या विद्यापीठाला पुसता आला नाही.’

सुमनताईंचा चेहरा उतरला होता. ‘चुकलं मॅडम. पण काटा आल्यावर बी नळ सोडून बघत राहायचं म्हंजी... घरी टँकरची वाट बघून डोळे दुखायलेत. नाय बघवत वो. हात आपसूक जातो.’

‘माझापण गेलाच की,’ मॅडम म्हणाल्या.

कारण सापडलं म्हणून मी खूश झालो. उपाय तर सोपा होता. तावातावानं मी सांगितलं, ‘नळाचा दांडाच काढून टाकू. वेळेवर आपोआप बंद होणारी झडप लावू. एका दिवसाचं काम.’ भागीदारांचंही फोनवर तेच म्हणणं पडलं.

मॅडमनी मान हलवली. ‘देवकते, नळ वाहत राहील, बरोबर. पण सुमनताईंनी तिथं उभं राहून ते बघायचं, सबंध पाळी. आणि घरी जाऊन घागर घेऊन रांगेत लागायचं. असं काम मी कुणाकडून करून घेणार नाही. त्यांचं चुकत नाही. पाणी गटारात जातंय ते चुकतंय.’

त्यांनी उत्पादनाची लाइन बंद केली. मुदत डोक्यावर आलेली असताना, धुण्याच्या नळजोडणीचं काम काढलं. पहिलं आम्लाचं पाणी पूर्वीसारखंच प्रक्रियेच्या टाकीत जाणार होतं. पण काटा खुणेवर आल्यानंतरचं पाणी हे टँकरच्या पाण्याहून कितीतरी शुद्ध. ते फेकायचंच कशाला? ते पुन्हा गाळण्याच्या यंत्राकडे फिरवायचं. आणि जी नळी ते परत नेणार ती त्यांनी पारदर्शक घेतली, धुणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवरून फिरवली.

मी भांडलो. खरोखर भांडलो. लॉट काढायचं सोडून आपण प्लंबिंग करतोय, असं सगळ्यांसमोर बोललो. माझ्या डोळ्यांसमोर ओट्यावर एकटी बसलेली आई होती. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मला पाना धरायला दिला. यंत्रं हलली असती तर त्यांचं स्वतःचं काहीच बिघडणार नव्हतं, उलट बंगळूरला त्यांचे जुने सहकारी वाटच बघत होते. हे मला पाना धरल्या धरल्या उमगलं आणि मी जोड आवळायला लागलो.

चाचणीच्या दिवशी एक जोड गळायला लागला. सुमनताईंनी आधी खाली बादली लावली, मग आम्हांला हाक मारली. जोड दुरुस्त झाला. मॅडमनी परतीच्या पाण्याची शुद्धता पुन्हा पुन्हा तपासली, आणि मगच चकती आत गेली. काटा खुणेवर आला.  सुमनताई नळीकडे बघत होत्या. पाणी भिंतीवरून वळण घेत परत जात होतं. त्यांचा हात नळाकडे गेला नाही. मधेच त्या आमच्याकडं वळून काचेतून ओरडल्या. ऐकू काही आलं नाही, पण चेहरा हसरा होता. नंतर विचारलं तर म्हणाल्या, ‘काय नाय, जाऊ द्या की म्हनलं, परतच यायलंय.’

चकती सुकली तेव्हा एकही सेन्सर चिकटला नव्हता. नमुने घ्यायला त्या कंपनीचे अधिकारी आले तेव्हा आधीचे लॉट का बिघडले हे त्यांनी विचारलं. रसायनावर ढकलता आलं असतं, मी तसं सुचवलंही होतं. मॅडमनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘म्हणजे तुमच्या माणसांनी सूचना पाळली नाही?’

‘सूचना मी लिहिली, तेव्हा चूक माझी,’ मॅडम म्हणाल्या. ‘परदेशी पुस्तकावरून उतरवली होती. तिकडं वाहत्या नळाकडं कुणी बघत नाही. आमच्याकडं बघतात. हे मला आधी कळायला हवं होतं, मी इथलीच आहे.’

नमुने गेले. तिकडं त्यांना हादरवणार, आपटणार, तापवणार, गारठवणार. आम्ही वाट बघत राहिलो. मी आईला काहीच सांगितलं नव्हतं, पण तिनं बहुधा ओळखलं असावं. त्या दिवसांत ती माझ्या आवडीचं पिठलं वारंवार करायची.

फोन आला तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये होतो. मॅडम उभ्या राहून ऐकत होत्या. ‘बरं. बरं. आभारी आहे.’ फोन ठेवला आणि म्हणाल्या, ‘यंत्रं कुठं जात नाहीत.’ सुमनताईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. चाँदभाई सगळ्यांना चहा पाजत सुटले.

धुण्याचं पाणी परत फिरल्यामुळं आम्हांला टँकर कमी लागू लागले. वाचलेला टँकर मॅडमनी सुमनताईंच्या गावाकडं वळवला, त्यासाठी भागीदारांशी त्या हुज्जत घालत बसल्या आणि जिंकल्या. पाऊस परतेपर्यंत तो जात राहिला. त्याच्यावर कारखान्याचं नाव रंगवावं असं मी म्हणालो तर मला म्हणाल्या, ‘पाण्यावर कशाला नाव?’

नंतर एका रविवारी त्या माझ्या आईला भेटायला गावी आल्या. आईनं त्यांना ओट्यावर शेजारी बसवून घेतलं. ‘ह्यो काय करतो तिथं, मला कधी नीट सांगत नाय. तूच सांग बाई.’ मॅडमनी सांगितलं. आईनं विचार केला. ‘म्हंजी कुनाला धक्का बसला की ते त्याला कळतं?’

‘होय आई. तेवढंच त्याचं काम.’

‘मग लई चांगलं काम हाय,’ आई म्हणाली आणि त्यांच्या हातावर गूळ ठेवला.

त्या दिवसापासून आई मॅडमना ‘माझी पडेगावची लेक’ म्हणायची. मॅडमही दिवाळीला न चुकता फराळ पाठवत आल्या. माझ्यापेक्षा त्यांची चौकशी आई जास्त करायची, आणि याबद्दल मी कुरकुरायचो.

यंदा आई गेली. शेवटचे काही महिने ती अंथरुणावर होती. पाळी सुटली की मी गावाकडं निघायचो आणि उजेड असेतो घरी पोचायचो. तिला चार घास भरवायचो, पाय दाबायचो, दिवसभराच्या चहाड्या ऐकायचो. ती गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गावातली कितीतरी आईबापं आज अशी जातात की लेकरू दुसऱ्या दिवशी विमानानं पोचतं. माझी आई तशी गेली नाही. याचं श्रेय मॅडम, मी नशिबाला देऊ शकत नाही. नळ कुणाच्या हातानं आणि का बंद होतो हे बघायला तुम्ही काचेबाहेर स्टूल टाकून बसलात, म्हणून मला ती मांडी देता आली.

मॅडम, तुमचा मुलगा दूर देशी आहे. त्याच्या फोनची वाट बघता बघता तुम्ही घड्याळाकडं चोरून बघता, ते आम्हांला दिसतं. तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघे कुरकुरू नयेत, तो मक्ता माझ्याकडं राहू द्या. आणि त्या सगळ्या आयुष्यात तुम्हांला एकट्यानं उठून पाणी प्यायची वेळ येऊ नये. आवाज द्या. तुम्ही जिथं ठेवलंत तिथंच आहोत आम्ही सगळे, हाकेच्या अंतरावर.